ओठ उचलून बघणारी डॉक्टर

प्रिय चिऊ,

मंगळवारी तुझ्याबरोबर जेवायचं म्हणून तुझ्या दवाखान्यात आलो आणि बराच वेळ बाकावर बसून राहिलो. तू दोनदा खुणेनं 'आलेच' म्हणालीस, पण मला घाई नव्हती. तुझ्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावलेला तुझा बाप चोरून तुझं काम बघत होता.

ती दीड वर्षाची पोरगी, तापानं लाल झालेली. तू तिची छाती, कान, घसा तपासलास. आता औषध लिहून देशील असं वाटलं, तर तू खुर्ची पुढे ओढलीस, तिच्या आईच्या गुडघ्यांना गुडघे भिडवलेस आणि पोरीचं डोकं अलगद मांडीवर घेतलंस. बोटानं वरचा ओठ उचललास. दारातून मला दात दिसत नव्हते, पण तू थबकलीस त्यावरून कळलं. हिरडीलगत पांढुरकी रेघ असणार. कीड भोक पाडण्याआधी अशीच येते. आम्हा दातवाल्यांकडे माणसं गाल सुजल्यावर येतात, त्यामुळे ती रेघ मी उभ्या आयुष्यात क्वचितच पाहिली. तुझ्याकडे ती तापाच्या निमित्तानं आपसूक येते.

आईच्या कपाळाला आठी पडली. "ताप आलाय तिला. दात काय, दुधाचेच आहेत, पडणारच." तू म्हणालीस, "ताप परवा उतरेल. हे दात तिला अजून कितीतरी वर्षं चावायला लागतील." मग कळलं, बाई रात्रपाळीला जाते आणि आजोबा तोंडात दुधाची बाटली देऊन नातीला झोपवतात. मी असतो तर त्या आजोबांचा उद्धारच केला असता. तू विचारलंस, "आजोबा गोष्ट सांगतात का?" ती हसली. "सांगतात, पण आधी तेच झोपतात." "मग दूध गोष्टीच्या आधी, मध्ये दात घासायचे, आणि नंतर बाटली हवीच असेल तर पाण्याची," असं म्हणत तू इवल्याशा ब्रशनं दातांवर फ्लोराइडचा लेप लावूनही मोकळी झालीस. पोरीनं रडायला तोंड उघडलं, तेही तुझ्या पथ्यावरच पडलं.

मग तो बसचालक आला. औषधं नेमानं घेऊनही साखर उतरत नाही म्हणाला. तू त्यालाही तोंड उघडायला लावलंस. हिरड्या सुजल्यात, दाबल्या की पू येतो, असं म्हणालीस. हिरड्या अशा असल्या की साखरही हट्टाला पेटते, हे तू त्याला त्याच्या भाषेत सांगितलंस: एक चाक पंक्चर असताना गाडी किती रेटणार? मग सरकारी इस्पितळातल्या दातांच्या डॉक्टरची वेळ मिळवायला फोन केलास, तर चार महिन्यांनंतरची तारीख मिळाली. "तोवर दात आपोआप पडतील की, कुणालाच त्रास नको," तो म्हणाला. तू हसली नाहीस. रिसीव्हर ठेवलास, दारातून माझ्याकडे बघितलंस आणि लगेच नजर वळवलीस.

जेवताना तू त्याच्याविषयी अवाक्षर काढलं नाहीस. आई गेल्यावर मी दवाखाना बंद केला, तेव्हाही का म्हणून विचारलं नव्हतंस. तुला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी नुसता हात पुढे करायचो आणि मागायच्या आत हवं ते हत्यार तळहातावर यायचं. ती गेल्यावर एकदा हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

तू दातांचं शिकली नाहीस तेव्हा सगळे नातेवाईक हळहळले होते, बापाची गादी कोण चालवणार म्हणून. त्यांना मंगळवारी तिथं बसवायला हवं होतं. सर्दी-खोकल्याच्या रांगेत तू जितके दात वाचवतेस, तितके मी माझ्या त्या मोठ्या खुर्चीशेजारी उभा राहून वाचवले नाहीत.

घरी येऊन खालच्या दवाखान्याचं कुलूप काढलं. खुर्ची अजून वरखाली होते. कुरकुरते, पण मीही कुरकुरतोच. हात स्थिर आहेत आणि माझी नोंदणीही चालू आहे. फोन केला असता तर दगदग होईल म्हणून तू नकोच म्हणाली असतीस, म्हणून हे पत्र. औषधांच्या खोलीशेजारची अडगळ रिकामी करून ठेव. सोमवारी टेम्पो येईल, मागे खुर्ची आणि पुढे ड्रायव्हरशेजारी मी. आठवड्यातले दोन दिवस तुझे. पहिला त्या बसचालकालाच बोलाव. हत्यारं हातात द्यायला कुणी मिळालं तर बघ. नाहीच मिळालं, तर मी मागायला शिकेन.

तुझाच,
बाबा