कोड कुणालाही सांगू नकोस, मला सोडून

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा कापायच्या टेबलावरून, कात्री बाजूला ठेवून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला, की अजून घरजावयासारखा ठाण मांडून बसलाय? इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे तुझी भावजय मजेत आहे आणि मी जिवंत आहे. फोन असताना हा माणूस कागद का नासतोय, असं तुला वाटेल. तेव्हा आधी शपथेवर सांगतो, हे पत्र मीच लिहितोय. अक्षर बघ. इतकं वाईट अक्षर कुठल्याही भामट्याला जमणार नाही.

झालं असं, की गेल्या महिन्यात आमच्या रस्त्यावरच्या ग्रंथालयात दुकानदारांसाठी व्याख्यान झालं. फोन आणि इंटरनेट जपून कसं वापरावं, हा विषय. ग्रंथपालबाई दिसायला किडमिडीत, पण पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी पन्नास दुकानदारांना घाम फोडला. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवू नका, अनोळखी लिंकवर बोट टेकवू नका, अ‍ॅप मागेल ती परवानगी देऊ नका, आणि आलेला कोड सख्ख्या भावालाही सांगू नका. मी वहीभर टिपणं घेतली आणि घरी येऊन फोनची झडती सुरू केली. बॅटरीचं एक अ‍ॅप होतं (टेबलाखाली पडलेली सुई शोधायला घेतलेलं), त्याला माझे सगळे संपर्क बघायची मुभा होती! अगं, उजेड पाडायला तुझा नंबर कशाला हवा? तिथल्या तिथे हकालपट्टी केली. मग ब्राउझर उघडला, तर गेल्या तीन वर्षांत मी कुठे कुठे बटणं बघितली याची सगळी हकिगत त्याने जपून ठेवली होती. तीही पुसली.

नंतर आलं कुलूप. अंगठ्याचा ठसा लावायला गेलो, तर तीस वर्षं सुया टोचून आणि कात्री चालवून माझ्या अंगठ्यावर ठसा असा उरलेलाच नाही. फोन म्हणतो, बोट पुसा. दहा वेळा पुसलं. शेवटी चेहऱ्याचं कुलूप लावलं, पण ते नोंदवताना मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही लावत होतो आणि तोंडात सहा टाचण्या होत्या. तेव्हापासून हा फोन मला टाचण्यांशिवाय ओळख देईना. रस्त्यात फोन उघडायचा तर आधी खिशातून टाचण्या काढून ओठांत धरायच्या. (मध्यंतरी मी फोनवर नुसता हुंकार भरतो म्हणून तू रागावली होतीस. तो माज नव्हता.)

खरी मेख पुढे आहे. ज्या खात्यात माझे फोटो, मापं, सगळं आपोआप साठतं, त्याला लांबलचक आणि कुणाला न सुचणारा पासवर्ड हवा होता. मी म्हटलं, मुख्याध्यापिकाबाईंची मापं घालू. समोरच्या शाळेतल्या त्या, आम्ही मागून त्यांना तोफबाई म्हणतो. छाती, कंबर, पाठ, बाही, खांदा, सगळं ओळीने. चौदा वर्षांत बाईंचं माप दोऱ्याइतकंही हललं नव्हतं, बँकेच्या तिजोरीपेक्षा भरवशाची बाई. आणि विसरलोच तर मापाच्या वहीत आहेच! पासवर्ड विसरल्यास कोड कुठे पाठवायचा, या रकान्यात तुझा नंबर घातला. घरातले दोन्ही फोन एकदम चोरीला गेले तर काय, असा दूरवरचा विचार मी केला होता.

परवा ब्राउझरमध्ये अस्तराचं कापड शोधत होतो, तर पडदा लालभडक झाला आणि फोन ओरडायला लागला, तुमच्या फोनमध्ये तेरा व्हायरस आहेत, इथे दाबा. मी दाबलं नाही! ताई, मी शांतपणे ती खिडकी बंद केली. ग्रंथपालबाईंनी पाहिलं असतं तर हार घातला असता. इथे मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, तेरातला एखादा आत शिरला असला तर? म्हणून मी अख्खा फोनच पुसून नव्यासारखा कोरा केला. सगळं खात्यात साठवलेलं आहे, पासवर्ड घातला की परत येईल. फोनने पासवर्ड विचारला. मी ऐटीत मापाची वही उघडली.

आणि आठवलं. दोन महिन्यांपासून बाई रोज सकाळी चालायला जातायत. गेल्याच आठवड्यात मी त्यांचं नवं माप घेतलं आणि जुनं खोडरबराने स्वच्छ पुसलं. (जुनं माप वहीत राहिलं की कधीतरी त्यावरच कापड कापलं जातं, हे मला वडिलांनी शिकवलंय.) आठवून आठवून पाच वेळा चुकलो. मग बाईंचा जुना कोट मोजू म्हणून शाळेत गेलो, तर तो मीच आत घेऊन दिला होता. शेवटी धीर करून विचारलं, बाई, तुमची कंबर आधी किती होती? बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तिने मी थेट चौथीत गेलो.

राहता राहिलीस तू. माझा फोन पासवर्डपाशीच अडलेला, म्हणून दुकानाशेजारच्या इस्त्रीवाल्याच्या फोनवरून तुला फोन केला आणि म्हटलं, ताई, तुझ्याकडे कोड आलाय तो सांग. तू काय केलंस? मीच शिकवल्याप्रमाणे गुपित वाक्य विचारलंस. आपण दोघांनी ठरवलेलं ते वाक्य मी फोनमध्येच लिहून ठेवलं होतं. मी म्हटलं, अगं मी धाकटा. तू म्हणालीस, "सगळे भामटे हेच म्हणतात," आणि इस्त्रीवाल्याला ब्लॉक केलंस. तो बिचारा तेव्हापासून उदास आहे. मग तुझ्या भावजयीच्या फोनवरून केला, तर तिचाही फोन चोरला म्हणून तू मला तुरुंगाची भीती घातलीस. राग आला, पण खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटला. माझी एवढी चांगली विद्यार्थिनी दुसरी नाही.

तरी ताई, फोटो गेले तर गेले, मापं पुन्हा घेता येतील. पण त्या खात्यात आईचा आवाज आहे. जायच्या आधीच्या महिन्यात मी गंमत म्हणून रेकॉर्ड केला होता, सतरा सेकंद. तुला ऐकवायचा राहूनच गेला. दुसरीकडे कुठेही नाही. ते गेलं तर मी स्वतःला माफ करणार नाही. म्हणून हात जोडून सांगतो, पत्र मिळताच तुझ्याकडे आलेला कोड उलट टपाली कळव.

भाऊजींना नमस्कार.

तुझा (खरोखरचा),
धाकटा

ता. क. कोड दहा मिनिटांतच बाद होतो, हे आत्ता लक्षात आलं. टपालाने पाठवू नकोस. फोन घेऊन तूच ये.

ता. क. आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आधी तुझ्या भावजयीने पत्र वाचलं आणि ती खुर्चीवरून पडायची राहिली. पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, म्हणून मी तिला काही विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, तो पासवर्ड घालताना तुम्ही दर वेळी माप घेतल्यासारखं मोठ्याने पुकारता, छाती इतकी, कंबर इतकी! दुकानात मी मापं पुकारतो आणि ती लिहून घेते, त्याच सवयीने तिने पहिल्याच दिवशी तो तिच्या वहीत उतरवून घेतला होता. इस्त्रीवाल्यालाही पाठ आहे. फोन उघडला. पासवर्ड बदललाय, या वेळी तोंड मिटून.

ता. क. शेवटचं. म्हणजे कोडची गरज उरली नाही. पत्र फाडणार होतो, पण मग आईचं रेकॉर्डिंग लावलं. ती आधी विचारते, हे चालू आहे का रे? आणि मग म्हणते, ताई कधी येणार आहे? आई गेल्यापासून तू आलेली नाहीस. दोन वर्षं झाली. मी तीनदा ऐकलं आणि पत्र फाडायच्या ऐवजी पुन्हा पेन उचललं. तू ये आणि तूच तिला सांग.