दिवा गेला, चित्र आहे

बाबा, आज सकाळी लॅपटॉपचं बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात लॅपटॉप नव्हता, म्हणून आधी एवढंच सांगते, की तो म्हणजे वहीसारखा उघडणारा कॉम्प्युटर. माझं सगळं काम त्यातच असतं. मी आता कापडावरच्या छपाईची डिझाइनं काढते. इतकी वर्षं अमरावतीतल्या दुकानांसाठी किरकोळ कामं केली, पण आज पहिल्यांदा नांदगाव पेठच्या एका मोठ्या कारखान्यानं माझी चादरींची डिझाइनं पाहायला बोलावलं होतं आणि नेमका आजच हा काळा पडदा. नवऱ्याला ऑफिसात फोन केला. ते म्हणाले, “तू हात नोको लावू. दुकानात देऊन दे.” पण दुकानं उघडायच्या आत मला निघायचं होतं. मी स्क्रू ड्रायव्हर शोधायला ड्रॉवर ओढला आणि तुमचा आवाज कानात वाजला.

अकोल्याचं आपलं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. मी शाळेतून आले आहे, आणि मागच्या गल्लीतल्या काकू रिक्षात टीव्ही घालून घाबऱ्याघुबऱ्या आल्या आहेत. आवाज येतो, चित्र नाही. मी लगेच मागचं झाकण खोलायला धावते. तुम्ही माझा हात धरता. “कावून खोलून राहिली वो? पयले आयक. मंग पाह्य. मंग हात लाव.” तुम्ही टीव्हीला कान लावलात, मागची वायर जराशी हलवलीत, मग ब्राइटनेसचं बटण फिरवलंत आणि चित्र आलं. पुसता पुसता ते कुणीतरी पार कमी करून ठेवलं होतं. काकूंनी विचारलं, “काय झालं होतं भाऊ?” तुम्ही म्हणालात, “काई नाई, वायर हालली होती.” त्या गेल्यावर मी भांडले, की तुम्ही खोटं बोललात. तुम्ही म्हणालात, “खोटं कायचं? हालवली ना म्या वायर. त्या बाईले घरी सारे हासले असते, त्याच्यात कोणाचं भलं होतं?”

मी ड्रॉवर बंद केला आणि लॅपटॉपला कान लावला. आत पंखा फिरत होता. एक बटण दाबलं की त्याचा बारीक दिवा लागत होता. म्हणजे जीव होता, बाबा! उजेड वाढवायचं बटण दाबून पाहिलं, पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला. काळंच. मग सासूबाईंना पडदे ओढायला लावले, त्यांच्या हातात मोबाइलची बॅटरी दिली आणि सांगितलं, तिरपा उजेड धरा. त्या वाकल्या, डोळे बारीक केले आणि ओरडल्या, “दिसून राह्यलं वो! फूल दिसून राह्यलं!” खरंच होतं. काळोखाच्या तळाशी, पडद्यावर कायम लावून ठेवलेलं माझ्या डिझाइनमधलं पळसाचं फूल, अगदी पुसट. चित्र जागेवर होतं, त्याच्यामागचा दिवा तेवढा गेला होता. मी सासूबाईंना मिठीच मारली. दिवा लावणं माझ्या हातात नव्हतं, पण चित्र दुसऱ्या पडद्यावर नेता येत होतं. घरच्या टीव्हीची केबल काढून लॅपटॉपला जोडली, आणि भिंतभर पळस फुलला.

कारखान्यातल्या बाईंनी काळा पडदा पाहून विचारलं, “मॅडम, हा तर बंद आहे?” मी म्हटलं, “चालू आहे. फक्त दिवा गेलाय. तुमचा टीव्ही द्या, केबल मी आणलीय.” त्यांच्या मीटिंगच्या खोलीतला टीव्ही आपल्या दुकानाच्या शटरएवढा. पळस झाला, कापसाचं बोंड झालं, मग उन्हाळ्यातल्या काळ्या रानाच्या भेगा आल्या, ज्या मी भीत भीत शेवटी ठेवल्या होत्या. त्या बाई उठून टीव्हीजवळ गेल्या, भेगांवरून बोट फिरवत म्हणाल्या, “हे आमचंच वावर हाये ना वो! लहान पडद्यावर पाह्यलं असतं तर समजलंच नसतं.” पहिली छपाई भेगांची ठरली, बाबा! चादरींवर! लोक आपल्या रानावर झोपणार!

हे कुठे पाठवायचं नाही, ठाऊक आहे. लॅपटॉपचा पडदा अजून काळाच आहे, म्हणून टीव्हीला जोडून लिहितेय. अक्षरं हाताएवढी दिसतात आणि सासूबाई शेजारी बसून एकेक शब्द मोठ्यानं वाचतात, मध्येच “माह्या बॅटरीचं लिहिलं का?” विचारतात. आत्ता त्या चहा ठेवायला उठल्या आहेत, तेवढ्यात सांगून घेते. येताना रिक्षात मी रस्ताभर रडले. रिक्षावाल्यानं विचारलं, तर डोळ्यात धूळ गेली म्हणाले.