मेहुण्याकडे गहाण ठेवलेली ढेरी

ती. मामांना,

वाकता येईल तितकं वाकून नमस्कार. (पूर्वी पायांपर्यंत पोचायचा, हल्ली गुडघ्यांवर समाधान मानून घ्या.) तुमचा मोतीबिंदू पिकला का आणि मामींचा राग उतरला का, ते कळवा. इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

लिफ्ट बंद पडली की आम्हा मेकॅनिकांना गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जावं लागतं. तिथे शिडी असते आणि वर एक चौकोनी झडप. गेली कित्येक वर्षं मी त्या झडपेतून उंदरासारखा जात होतो. या वेळी कमरेपाशी अडकलो. वरचा भाग मशीनपाशी, खालचा शिडीवर, आणि खालून वॉचमन खांदा लावून ढकलतोय. लिफ्टमध्ये कोंडलेल्या बाई आतून ओरडून विचारत होत्या, मेकॅनिक आला का? वॉचमन म्हणाला, "अर्धा आलाय."

ही गोष्ट साहेबांपर्यंत गेली. (वॉचमनच्या पोटात काही राहत नाही, माझ्या पोटात सगळं राहतं.) साहेब म्हणाले, तीन महिन्यांत त्याच झडपेतून जाऊन दाखव, नाहीतर तक्रारींच्या फोनवर बस. मामा, मला फोनवर बसायचं नाही. ग्रीसचा वास आणि दोर ताणला की येणारा आवाज, एवढंच मला या जगात नीट कळतं. मी फार घाबरलो.

तेव्हा आमच्या कॅशियरने अक्कल शिकवली. म्हणे, माणूस जिवाला भीत नाही, पैशाला भितो. कुणाकडे तरी भरपूर पैसे ठेव. आठ किलो उतरलं तर तुझे, नाहीतर त्याचे. मी अख्खा बोनस उचलला आणि मेहुण्याकडे ठेवला, कारण माणूस विश्वासाचा. त्याची बेकरी आहे हे मी विसरलो नव्हतो, पण त्याचा इथे काही संबंध असेल असं वाटलं नाही, इतकंच.

पैशाचा परिणाम ताबडतोब झाला, पण भलत्याच माणसावर. लग्नापासून ज्याने शिळा टोस्टसुद्धा कधी पाठवला नाही, तो रोज संध्याकाळी खोका घेऊन दारात. "भाऊजी, तुमच्यासाठी वेगळं काढून ठेवलंय." आत लोण्यात माखलेली बिस्किटं, क्रीमचे बन, तेही गरमागरम. मी नको म्हणालो की तुमच्या सूनबाईंचे डोळे भरायचे. (तिला या कराराचा गंध नव्हता.) माहेरचं आता गोड लागत नाही का, असं ती विचारायची. मग संसार टिकवण्यासाठी मी दोन बन खायचो.

शेवटी वजनाचा दिवस उजाडला. बेकरीतच, मैद्याची पोती तोलायच्या काट्यावर, रविवारच्या गिऱ्हाइकांसमोर. भरलं जेमतेम दोन किलो कमी. मेहुण्याच्या चेहऱ्यावर माझा बोनस पसरलेला स्पष्ट दिसला. मला काय सुचलं कोण जाणे, मी काट्यावरूनच ओरडलो, "परवा दवाखान्यात आठ किलो कमी भरलो होतो! हा काटा जास्त दाखवतो!"

रांगेतले सगळे काट्याकडे वळून बघू लागले. एक आजीबाई हातातला पाव वर-खाली करून अंदाज घेऊ लागल्या. मी सहज म्हणून पुढे जोडलं, की माझे मामा वजनमापं खात्यात होते. मेहुण्याने गल्ल्याखालून माझ्या बोनसचं पाकीट काढून माझ्या खिशात कोंबलं आणि कानात म्हणाला, "भाऊजी, बाकीचं घरी बोलू."

तर अशी तुमच्या नावाची अजून दहशत आहे. मामींना नमस्कार.

तुमचा, अर्धाच पोचलेला,
भाचा

ता. क. दवाखान्यात मी तोवर गेलोच नव्हतो. काल गेलो. मेहुण्याचा काटा गुंजभरही चुकत नाही. बिचारा भीतीने हल्ली प्रत्येकाला एक बन जास्त देतो आणि रांग कोपऱ्यापर्यंत गेली आहे. त्याचा फोन आला तर काटा बरोबर आहे म्हणून सांगा, पण माझं नाव काढू नका.

ता. क. झडपेपाशीही जाऊन आलो. तिला तुमची भीती घालून उपयोग झाला नाही. साहेबांच्या हातापाया पडून मुदत वाढवून घेतली आहे. म्हणून तेच पाकीट सोबत पाठवतो आहे. आठ किलो उतरेपर्यंत देऊ नका, मी रडलो तरी देऊ नका. तुमच्याकडे गेलेला पैसा परत आल्याचं आपल्या घराण्यात कुणाला आठवत नाही, म्हणून तुमची निवड. मामींना कळू देऊ नका. त्या पाकीट तर परत करतीलच, वर डबाही भरून पाठवतील.

ता. क. (पोस्टातून) पैसे मोजाल तर थोडे कमी भरतील. वाटेत बेकरी लागते.