मागचा दगड आणि ललिता

४ जुलै
घरामागच्या उतारावर म्हशीएवढा दगड आहे. ललिताच्या मते तो पुढे सरकलाय. विज्ञान शिक्षक म्हणून रिटायर झालेल्या माणसाची ही बायको! वजनाची रेषा बुडाच्या आत पडते, शिवाय घर्षण आहे, असं समजावलं. ती भाकऱ्या थापत राहिली. उद्या आकृती काढून दाखवणार.

५ जुलै
आकृती राहिली. कंबर.

९ जुलै, सकाळ
पाऊस थांबत नाही. उताराखालच्या घरांनी शाळेत राहायला जावं, असा ग्रामपंचायतीचा निरोप. शेजारचा भागोजी गेला. त्याची म्हैसही गेली. ललिता म्हणाली, "चला हो, दोन रात्रींचा तर प्रश्न हाय." मी म्हटलं, समतोलाचे प्रश्न भीतीने सुटत नाहीत. वाक्य चांगलं जमलं. ती पिशवी भरून एकटीच गेली. संध्याकाळपर्यंत येईल.

१० जुलै
आली नाही. भात करपला. शाळेत गरम खिचडी आहे म्हणे. जाता येईल, पण लोकांना वाटेल घाबरलो.
पुढच्या पडवीत झोपलो. तिथे हवा चांगली. पायात चपला ठेवल्या, विंचवांमुळे. दगडाशी संबंध नाही.

११ जुलै
झोप नाही. घर्षणावर पूर्ण विश्वास आहे.

१२ जुलै, सकाळ
पाऊस थांबला. दगड जागेवर! आता दाढी करून शाळेत जाणार. फार बोलायचं नाही. नम्र राहायचं.

१२ जुलै, दुपार
ललिता पिशवी घेऊन एसटीची वाट बघत होती. सेजलकडे, म्हणजे लेकीकडे, पनवेलला निघालेली. मी म्हटलं, पडला नाही बघ. ती म्हणाली, "नाय पडणार, वाटतच होतं मला. पण भ्याले होते ना मी. तुमी नुसतं सोबत यायचं होतं." कोरड्या आणि ओल्या पृष्ठभागाच्या घर्षणातला फरक सांगायला सुरुवात केली. एसटी आली.

१४ जुलै
तिच्या रागाला वेळ द्यावा लागतो. देतोय. थकलोय.

१६ जुलै
पनवेलला फोन लावला. सेजलने उचलला. आई झोपलीय म्हणाली. सकाळी अकराला? काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. ऐन वेळी विचारलं, चहाची पावडर कुठे असते. सेजल म्हणाली, "बाबा, एवढंच?"
हो म्हणालो.
पावडर कालच सापडली होती.