खोडलेले दोन बिंदू

बाई, तुम्ही बक्षीस दिलेली स्टीलची पट्टी अजून माझ्या टेबलावर आहे. परवा ती मी माझ्या विद्यार्थिनीच्या आलेखावर ठेवली आणि म्हणाले, "प्रबंध पुढच्या आठवड्यात द्यायचाय. हे शेवटचे बिंदू काढून टाक, रेघ सरळ येईल." उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात ती सिलिकॉनच्या कणांवर काम करते. कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. लेझरचा प्रकाश वाढवला की कणाने उधळलेला प्रकाशही त्याच प्रमाणात वाढायला हवा. तिच्या आलेखात तो आधी वाढतो, मग अडतो, मग चक्क कमी होतो. "कण जळले असतील," मी म्हणाले. "नाही जळले मॅडम. या ना, दाखवते. तुम्हीच तर भाषणात सांगता, स्वतःच्या डोळ्यांनी बघा म्हणून." टोमणाच होता तो.

काळे पडदे लावलेल्या खोलीत, स्क्रीनवर हिरवे ठिपके. तिने प्रकाश वाढवला. ठिपके उजळले, आणि मग एकेकाच्या मधोमध काळं भोक पडलं. कडेला उजेड, आत काळोख. इतके सगळे डोळे एकदम उघडून माझ्याकडे बघू लागले. तिने प्रकाश कमी केला, ठिपके पुन्हा भरले. वाढवला, पुन्हा डोळे. "प्रकाशानेच तापतो मॅडम, आणि तापला की वेगळा वागतो." हे मी आधी पाहिलं होतं.

बदलापूरच्या शाळेची प्रयोगशाळा. प्रयोगाला लागणारं तारेचं वेटोळं सापडत नाही, म्हणून तुम्ही टॉर्चचा बल्ब जोडून देता. व्होल्ट वाढवायचे, प्रवाह मोजायचा, सरळ रेघ काढायची. शेजारी वांगणीहून, खेड्यातून येणारी माझी मैत्रीण. बल्बची तार लाल होते, पिवळी होते, आणि दोघींचीही रेघ वाकते. मी शेवटचे दोन बिंदू खोडते. ती खोडत नाही. तुम्ही तिची वही वर्गासमोर धरता. "शेताच्या बांधावर बसून काढलीस का गं ही?" सगळे हसतात. मीही. "बाई, पण मला तसंच दिसलं." "मग हिला कसं नाही दिसलं?" तुमचं बोट माझ्याकडे. मी खोडलेल्या जागेवर हात ठेवते. पट्टी मला मिळते. पुढच्या वर्षी ती विज्ञान सोडते.

तापलेली तार सरळ रेघेत वागत नाही, हे मला कॉलेजात कळलं. तेव्हा तुम्ही हयात होतात, इथेच बेलवलीत राहत होतात. तुमच्या दारावरून मी रोज जायचे. डोळ्यांना दिसलेलं नाकारणारा समाज सडतो, असं मी मैदानं भरून गरजले, आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. पण तुमची बेल काही वाजवली नाही. परवापासून कुठल्याही दिव्याकडे पाहिलं, की त्याचा मधला भाग काळा दिसतो.

काल विद्यार्थिनीला सांगितलं, एकही बिंदू काढू नकोस. "काढलेच नव्हते मॅडम," ती म्हणाली.

वांगणीचा पत्ता माझ्याकडे आहे, बाई. मैत्रीण अजून तिथेच राहते. तरी हे पत्र मी तुम्हाला लिहिलं, कारण तुमच्याकडून उत्तर येणार नाही.