निम्मं पाणी

कॉपर क्रीक, मिशिगन
८ जानेवारी २०१४

ती. विल्होदादास,

लेंपीचा सा. न. वि. वि. तू फ्लोरिडात पाय पसरून ऊन खात असशील, म्हणून मुद्दाम कळवते की आज इथे पारा उणे पंचवीसवर आहे आणि सरोवरावरून वारा सुटलाय. फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि वर तूच माझ्यावर ओरडतोस. तेव्हा हे पत्र.

दादा, मी घाबरलेय. आधी तेच लिहिते.

आर्विडला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, हे तुला ठाऊक आहे. शहर दीड तासावर, रस्ता सगळा सरोवराच्या काठाकाठानं. नाताळापासून आपल्या जुन्या गाडीचा हीटर गार वारा फुंकतोय. काच आतून गोठते. मी एका हातानं स्टिअरिंग धरते आणि दुसऱ्यानं बर्फ खरवडते. आर्विड शेजारी दोन ब्लँकेटं आणि तुझा जुना लोकरी कोट घालून बसतो. येताना तर बघवत नाही. त्या यंत्रातून रक्त फिरून आलं की तो आधीच काकडलेला असतो. परवा त्याचे ओठ निळे पडले होते. मी विचारलं तर म्हणाला, मस्त आहे, सौनाच्या गरम वाफेतून आल्यासारखं वाटतंय. माझा नवरा म्हणजे मेला खोटारडा.

त्यात भर म्हणून ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा लागतो आणि ऐन चढावर गाडी मान टाकते. मी पाय दाबतेय आणि कुणीतरी तो उचलून धरतंय असं होतं. वेस नॅन्कर्व्हिसच्या गॅरेजात नेली, तर तिथे हीटरनं अशी गरम हवा फेकली की वेसनं टोपी काढली! माझ्याकडे बघून हसला. म्हातारीला उगाच थंडी वाजते असं वाटलं असणार त्याला. गाडी घरी आणली, दुसऱ्या दिवशी पुन्हा गार.

चाळीस वर्षं गाड्यांखाली लोळलास, त्याचा बहिणीला काही उपयोग होऊ दे. नवी गाडी घेण्यासारखे आम्ही नाही, आणि आमच्या रस्त्यावर न्यायला दुसरं कुणी येत नाही.

माया आहेच तुझी, ती उन्हात विरघळू देऊ नकोस.

तुझी,
लेंपी


लेक वर्थ, फ्लोरिडा
१४ जानेवारी २०१४

चि. लेंपीस,

अनेक आशीर्वाद. ऊन खात नाहीये, ऊनच मला खातंय. तुझं पत्र वाचून मात्र अंगावर काटा आला.

आधी एक गोष्ट नीट डोक्यात घे. ही दोन वेगळी दुखणी आहेत. दोन्ही एकाच पोत्यात घालशील तर वेसही गोंधळेल. हीटरला उष्णता इंजिनातून येते. इंजिनाभोवती फिरून तापलेलं कूलंट एका छोट्या जाळीतून जातं आणि पंखा त्यावरून वारा ढकलतो. म्हणजे कूलंट कमी आहे, नाहीतर कुठेतरी अडतंय. ट्रॅक्शन कंट्रोल हा निराळाच प्राणी. चाक घसरतंय असं त्याला वाटलं की तो इंजिनाचा जोर काढून घेतो. तुझं चाक घसरत नसताना त्याला तसं वाटत असेल, तर चाकाचा वेग मोजणारा सेन्सर खोटं बोलतोय.

आता शहाण्यासारखी उत्तरं दे. हवा गार असताना तापमानाचा काटा खाली असतो की वर चढतो? पायाखालचं मॅट ओलं आहे का, गोडसर वास येतो का? कूलंटची बाटली किती भरलेली आहे? पिवळा दिवा वेगात असताना लागतो की थांबता थांबता? थंडी अडवायला बाबांसारखा गाडीच्या तोंडाशी पुठ्ठा लावला असशील तर आधी काढ. काटा वर जात असेल तर इंजिन भाजून निघेल.

चढाच्या आधी ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाबून ते बंद करत जा आणि गाडी हळू चालव. गाडीत मेणबत्ती, कॉफीचा रिकामा डबा आणि काडेपेटी ठेव. बंद पडलीच तर ऊबेसाठी डब्यात मेणबत्ती लाव, काच बोटभर खाली घे आणि गाडीतून उतरू नकोस. उतरून चालत सुटलेली माणसं आपण दोघांनी पाहिली आहेत.

आर्विडला सांग, त्या कोटाच्या खिशातला चाकू माझा आहे.

आठवण ठेव, आणि उत्तराला उशीर लावू नकोस.

तुझा,
विल्हो


कॉपर क्रीक
२० जानेवारी २०१४

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी देते, नाहीतर पुन्हा रागावशील. हवा बर्फासारखी असते आणि काटा मात्र लाल रेघेजवळ जातो. अर्ध्या वाटेपर्यंत हेच. मग कधी कोमट येते, कधी तीही नाही. मॅट कोरडं, वास नाही. बाटली काठोकाठ, हिरवीगार. ते खातं आर्विडचं आहे, त्याबाबत तो चोख आहे. दिवा लागतो तो थांबताना, गाडी अगदी सरपटत असते तेव्हा. ब्रेकखाली गुर्रर्र होतं आणि दिवा लागतो.

आता शनिवारचं. हौताला टेकडीचा चढ आला, काच पुन्हा गोठली, मी खरवडण्याच्या नादात तुझं ते बटण दाबायला विसरले. चढाच्या मध्यावर गाडीतला जीवच गेला. मागून लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक येत होता. त्याचा भोंगा अजून कानात आहे. शेवटच्या क्षणी तो बाजूनं गेला, त्याच्या वाऱ्यानं आपली गाडी हलली. मी बर्फाच्या ढिगात चाक घातलं आणि थांबले. मला चावी फिरवता येईना. आर्विडनं ती फिरवून दिली.

 त्या रात्री कालाकेत्तो केलं होतं, त्याच्या आवडीचं माशाचं सूप, तर दोन चमचे खाऊन त्यानं वाडगा सरकवला. मग म्हणाला, रस्ते वाईट आहेत, मंगळवार सोडून देऊ या. दादा, एक सोडला की दुसरा सोडेल. नर्सनं मला स्पष्ट सांगितलंय, न येणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात पाणी भरत जातं. रात्री मी त्याचा श्वास ऐकत पडते. गाडीत बसायची भीती वाटते, आणि गाडीत न बसण्याची त्याहून जास्त.

लवकर लिही. या खेपेस थट्टा नको.

लोभ उणा होऊ देऊ नकोस, बाकी सगळं उणेच आहे.

तुझी,
लेंपी


कॉपर क्रीक
२१ जानेवारी २०१४

प्रिय विल्हो,

स. न. वि. वि. मी पत्रं लिहिणारा माणूस नाही. लेंपी कोंबड्यांकडे गेली आहे तेवढ्यात लिहितो.

तिला कळव की गाडी दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहे. चालवणं धोक्याचं आहे असं लिही. माझं ती ऐकत नाही, गाडीबद्दल तुझं ऐकते. गाडी नाही म्हटल्यावर डायलिसिस आपोआप थांबेल आणि कुणाचा दोष राहणार नाही. आज गेलो नाही. तिला वाटतं, फक्त आजच.

माझ्याकडून होईल तेवढं मी केलं. थंडीची लाट आली की घरच्या गॅरेजात जाऊन जुनं कूलंट काढतो आणि नवं भरतो. एकदम शुद्ध, पाण्याचा थेंब मिसळत नाही, गोठायला नको म्हणून. नोव्हेंबरपासून चार वेळा केलं. तरी हीटर गार तो गारच. म्हणजे गाडी संपली.

मरणाची मला भीती वाटते, वाटत नाही असं म्हणणार नाही. पण त्या टेकडीवर तिचा चेहरा पाहिला. ती माझ्यापायी त्या रस्त्यावर जाईल, ही भीती मोठी आहे. एवढं माझ्यासाठी कर.

तुझा मेहुणा,
आर्विड


लेक वर्थ
२५ जानेवारी २०१४

प्रिय आर्विड,

स. न. वि. वि. हे तातडीच्या टपालानं पाठवतोय. शेजारणीला तुमच्याकडे फोन लावायला लावला, तर तुमची लाइन मेलेली. कालपासून माझं जेवणात लक्ष नाही.

अरे शहाण्या, गाडी संपलेली नाही. तूच तिचं रक्त गोठवलंयस! शुद्ध कूलंट पाणी मिसळलेल्यापेक्षा लवकर गोठतं. आपल्याकडच्या निम्म्या लोकांना हे पटत नाही. जितकं शुद्ध तितकं बरं, असं त्यांना वाटतं. नुसतं भरलं तर तुमच्या थंडीत त्याची लापशी होते आणि हीटरच्या जाळीत अडून बसते. निम्मं पाणी घातलं तर उणे तीसलाही वाहतं. वेसचं गॅरेज गरम असतं, तिथे लापशी वितळते, म्हणून त्याला काही सापडलं नाही. गाडी त्याच्याकडे रात्रभर ठेवा, सगळं काढून टाका आणि निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध केलेलं पाणी भरा. पुढच्या दोन्ही चाकांचे सेन्सर काढून खालचा गंज खरवडायला सांग. रस्त्यावरच्या मिठानं तिथे गंज फुगतो आणि सेन्सर उचलला जातो.

आता दुसरं. तू सांगितलेलं खोटं मी लिहिणार नाही. डायलिसिस थांबवायचं असेल तर तो तुझा हक्क आहे, पण तिच्यासमोर बसून सांग. माझ्या आणि गाडीच्या आड लपू नकोस. ती तुला नेते ती तुझ्यावर उपकार म्हणून नाही. मी तिला लहानपणापासून ओळखतो. नको असतं तर तिनं पहिल्याच दिवशी तुला तोंडावर सांगितलं असतं.

दोष मी शोधला असं तिला सांगू नकोस. तूच शोधलास म्हण.

स्नेह पूर्वीसारखाच, थोडा रागही.

तुझा,
विल्हो


कॉपर क्रीक
५ फेब्रुवारी २०१४

ती. दादास,

सा. न. वि. वि. बर्फाच्या वादळानं तारा तुटल्या होत्या, कालच फोन जिवंत झाला. तुझ्या शेजारणीचा फोन आला आणि मी दहादा सांगितलं की आम्ही दोघं आहोत, आहोत. तुला कळवलं ना तिनं?

गाडी बरी झाली! आणि दोष कुणी शोधला असेल? आर्विडनं! ज्याला आजवर टायर बदलता आला नाही त्यानं वेससमोर उभं राहून कूलंटमध्ये पाणी किती असावं यावर भाषण दिलं. तू चाळीस वर्षं मेकॅनिक, आणि तुला जमलं नाही. वेसनं पुढच्या चाकांचा गंजही काढला. पिवळा दिवा गेला.

त्याच्या नावानं आलेलं तुझ्या अक्षरातलं पाकीट मी पाहिलं. त्यात काय होतं ते विचारणार नाही. ते वाचून तो आमच्या गॅरेजात जाऊन बसला होता. मग आत आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, मला भीती वाटते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, मलाही वाटते. पुढे काय बोललो ते आमचं आमच्यापाशी.

त्याचा एक मंगळवार बुडाला होता, त्याचे पाय सुजले, दम लागायला लागला. गुरुवारी त्याच गार गाडीतून मी त्याला नेलं. आता सुजेचं ठीक आहे, पण डॉक्टर रागावले.

काल परत येताना बाहेर उणे वीस होतं आणि आत असं उबदार की त्यानं तुझा कोट काढला. टेकडीवर गाडी सरळ चढली. मग लक्षात आलं की तो गप्प आहे, मान खाली गेलीये.  गाडी कडेला घ्यायलाही सुचेना, हात लांब करून त्याच्या नाकाशी धरला. श्वास होता. तो झोपला होता, दादा. नाताळापासून गाडीत त्याला झोप लागली नव्हती, इतकी थंडी वाजायची.

माझा हात लागून तो जागा झाला. आधी म्हणाला, रस्त्याकडे बघ. मग खिडकीबाहेर पाहत विचारलं, गुरुवारी पण याच वेळेला निघायचं ना?

तुझा चाकू सापडला, पुढच्या पत्राबरोबर पाठवते. आणि आम्हाला विसरू नकोस, आम्ही अजून इथेच आहोत.

तुझी,
लेंपी