पुढचा फुगा कुठला

अथेन्स, १४ मार्च २००६

प्रिय अर्गिरो,

तुझं पत्र आणि संत्र्याचा मुरंबा, दोन्ही पोचलं. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण बँकेचे जिने अजून चढते आहे.

वोलोसच्या पेपरात 'बाजार ओळखणारी बेकरीवाली' म्हणून तुझ्याविषयी छापून आलेलं आमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. 'पाव घ्यायला आलेल्या बायका ज्या गोष्टीच्या वाढत्या किमतीबद्दल दिवसभर बोलतात, त्यापासून मी चार हात लांब राहते,' म्हणे. साहेब म्हणाले, "पोलिक्सेनीबाई, ही तुमचीच बहीण ना? बावीस वर्षं तुम्ही बाजाराची भाकितं करताय, आता तिलाच आणून बसवा या खुर्चीत." सगळे हसले. मीही हसले. मग जाऊन तोंड धुऊन आले.

तू विचारलंयस, शेअरनंतर आता पुढचा फुगा कशाचा, सोन्याचा की घरांचा? तुझा स्ताथिस कर्ज काढून समुद्राकाठी दुसरा फ्लॅट घ्यायचं म्हणतोय. आणि खाली लिहिलंयस, "ताई, माझा नवरा माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. तू म्हणशील तसं करू."

याआधी मी तुला एक पत्र लिहिलं होतं. त्यात 'घ्या' असं लिहिलं होतं. तिकीट लावून दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. आज सकाळी फाडलं.

नव्याण्णव साली आईने झागोऱ्याची बाग विकून शेअर घेतले. सप्टेंबरात तू तिला म्हणालीस, "आता विकून टाक, बाग परत घेता येईल." तिने मला फोन केला. मी म्हटलं, "अर्गिरोला पावातलं कळतं, आई. बाजार मला कळतो. थांब." ती थांबली, आणि सगळं बुडालं. शेवटची तीन वर्षं तिने तुझ्या भट्टीमागच्या खोलीत काढली. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. उलट लोकांना सांगायचीस, "ताईचा अंदाज चुकला. कुणाचाही चुकतो."

चुकला नव्हता गं. त्याच आठवड्यात मी साहेबांना लेखी दिलं होतं की बाजार कोसळणार. पण तू माझ्याआधी त्याच निष्कर्षाला पोचलीस, तेही गल्ल्यावर बसून, आणि आई तुझं ऐकायला निघाली होती. लहानपणापासून ती तुझंच ऐकायची. मला ते बघवलं नाही. दुसरं काही कारण नव्हतं.

जाताना तिने माझा हात धरला. म्हणाली, "बिचारी, तुलाही बाजाराने फसवलं." मी तिचं पांघरूण सारखं केलं.

फ्लॅट घेऊ नका. फुगा घरांचाच आहे, आणि हे तुला माझ्याआधीच कळलंय. स्ताथिसला हे पत्र पूर्ण वाचायला दे, मग तो तुझं ऐकेल. माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटो.

ईस्टरला यायचं ठरवलं होतं. तू बोलावलंस तरच येईन.

ताई म्हणायचं की नाही, ते आता तू ठरव.

पोलिक्सेनी